कान्हूचा बांध आणि जयपूरचा पास

कोजागिरीच्या सकाळी कान्हू दोन आधारकार्डं खिशात घालून रोह्याला निघाला, तेव्हा वडखळच्या नाक्यावर त्याला पाहून ओळखीच्या एका मिनिडोरवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि आवाज खाली आणून विचारलं, "दादा, कोन गेलं काय?" त्याचंही काही चुकलं नाही. पौर्णिमेच्या दिवशी कान्हू गावाबाहेर दिसला म्हणजे कुणीतरी वारलं असणार, एवढाच अर्थ त्या बाजूला निघतो. आणि खरं सांगायचं तर कुणी वारलं म्हणून कान्हू गेला असता, याचीही गावात कुणी खात्री दिली नसती.

त्याचं गाव वडखळपासून आत, खाडीला अगदी खेटून. खाडी आणि गावाची भातशेती यांच्या मध्ये एक मातीचा बांध, त्या बांधात पावसाचं पाणी खाडीत सोडायचं एक दार, म्हणजे उघाडी, बाकी काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, पाणी बांधाच्या डोक्यापर्यंत चढतं, आणि नेमकं तेव्हा कुठं खेकड्यानं बीळ पाडून ठेवलेलं असलं तर त्या बिळाचं भोक होतं, भोकाची खांड होते, आणि खांडीतून खारं पाणी सरळ शेतात शिरतं. एकदा शिरलं की ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं भात देत नाही. म्हणून बांध सगळ्या गावाचा. डागडुजीला घरटी एक माणूस येतो, त्या जमावाला जोळ म्हणतात, आणि रोजची राखण करायला जोळानं एक माणूस नेमलेला असतो. आधी कान्हूचा बाप होता, मग कान्हू.

पण कान्हू बांधाची राखण करत नव्हता, तो बांधाशी संसार करत होता. अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर ओसरतो, पाणी अर्ध्या बांधाशी येऊन मुकाट परत फिरतं. त्याला भांग म्हणतात. कान्हूचे दवाखाने, सोयरिकी, बाजारहाट, सगळं या भांगावर चालायचं. लेकीचं, नमिताचं लग्नसुद्धा त्यानं अष्टमीला लावायला लावलं. भटजी कुरकुरले तर त्यांना म्हणाला, "तुमचा मुहूर्त जरा हुकला तर चालंल, माझा नाय चालायचा." मांडवात लोक हसले. कान्हूला ते हसणं आवडलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट माणसाला फार गोड लागते.

पुढं एकदा, चार वर्षांपूर्वी, मात्र कुणी हसलं नाही. नमिता पनवेलच्या दवाखान्यात दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगा झाला, कसाबसा दोन दिवस जगला. आषाढातली अमावास्या होती आणि वारा नुसता पिसाळला होता. कान्हूची बायको धोंडुबाई लेकीजवळ होती. तिच्या फोनवरून नमिता स्वतः बोलली, "बाबा, तुम्ही या. तुम्ही बघितल्याशिवाय आम्ही त्याला नेत नाही." आता पनवेल काही परदेशात नाही. पण खाडी चढत होती आणि कान्हूचा पाय बांधावरून निघेना. तिकडं त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग जावयानं, प्रविणनं, ते गुंडाळलेलं पोर उचललं. कान्हू पोचला तो भांग लागल्यावर. नमिता तोवर दवाखान्यातून पनवेलच्या आपल्या घरी आली होती. तिनं बापाला चहा दिला आणि त्या दिवसाबद्दल तेव्हाही नाही, पुढंही नाही, एक अक्षर काढलं नाही. बांध मात्र राहिला होता. तो आपण तिथं होतो म्हणून राहिला, असं कान्हूनं मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं. तेवढं धरायला नसतं तर त्याला झोप लागली नसती.

आता प्रविणची बदली जयपूरला झाली होती, आणि नमितानं बापाला असं काही कोंडीत पकडलं होतं की ज्याचं नाव ते.

"आईला घेऊन या," ती फोनवर म्हणाली. "सप्तमी, अष्टमी, नवमी. भांग बघूनच तारखा धरल्यात, बाबा. आता तुम्हाला बोलायला जागा नाही."

जागा खरंच नव्हती. बांधाच्या पोरीनं सापळा लावला होता, तो बांधाच्याच हिशेबानं लावला होता. रेल्वेची तिकिटं प्रविणनं काढली होती, पण रेल्वेची तिकिटं रद्द होतात आणि कान्हू ती शेवटच्या दिवशी रद्द करायला लावतो, हा अनुभव घरात सगळ्यांना होता. म्हणून नमितानं पुढची गोष्ट काढली. शहर बघायचा एक पास मिळतो. किल्ले, महाल, वस्तुसंग्रहालय, वरून उघडी बस, तीन दिवस सगळं त्यात. एकदा घेतला की परत होत नाही आणि तारीखही बदलत नाही. या तारखांचे पास पौर्णिमेपर्यंतच मिळणार होते.

"मग तूच घे की तिकडनं," कान्हू म्हणाला.

"नाही. मी घेतला तर तुम्ही म्हणाल, पोरीनं घेतला, मी कुठं हो म्हणालो होतो? तुमच्या हातानं घ्या. घेतलात तर मी समजेन की येताय."

"आनि नाय घेतला तर?"

नमिता म्हणाली, "तर बरं."

हे 'बरं' कान्हूच्या ओळखीचं होतं. पनवेलहून निघताना 'येतो मी' म्हणाला तेव्हा ती असंच 'बरं' म्हणाली होती. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. आणखी एक असं 'बरं' घेतलं तर पोर आपल्याला पुन्हा बोलवायची नाही, एवढं कान्हूला कळत होतं. म्हाताऱ्याला सगळं कळत होतं, फक्त वळत नव्हतं.

मग त्यानं काय केलं? पास घ्यावा की नको, हे तो गावभर विचारत सुटला. पेणला गेला तेव्हा एका नेट-कॅफेवाल्याला विचारलं, तो 'एकदम मस्त आहे काका' म्हणाला, म्हणून कान्हूला संशय आला. शेजारच्या हिरामणला विचारलं. हिरामण म्हणाला, "जयपूरला खाडी हाय काय? नाय ना? मग तू तिथं करनार काय?" धोंडुबाईला त्यानं विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. तिनं पेणच्या बाजारातून रबरी तळाची चप्पल आणली आणि पायाला सवय व्हावी म्हणून ती घालून घरातल्या घरात फिरायला लागली. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. त्या चपलेचा आवाज ऐकून कान्हू बांधावर निघून जायचा.

असं करता करता पौर्णिमा उजाडली. पास घ्यायचा तर आजच, आणि आजच उधाण. मधले सगळे मोकळे दिवस याच गृहस्थानं वाया घालवले होते, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. दुपारी पाणी चढणार होतं. त्याच्या आत रोह्याला जाऊन परत यायचं, असं त्यानं ठरवलं.

"पानी चढायच्या आत येतंय," तो धोंडुबाईला म्हणाला. "तवर बांधावर एक फेरी मारशील?"

"मारीन. जावा तुमी," ती म्हणाली. एवढ्या घाईनं म्हणाली की कान्हूला ते लागलं.

रोह्यालाच का, तर तिथं नावेदचं प्रवासाच्या तिकिटांचं दुकान होतं. नावेदचा बाप मुराद मिठाचा व्यापारी. खाडीकडच्या आगरांतलं मीठ तो पूर्वी गाडीनं उचलायचा आणि कान्हूच्या ओटीवर पाणी प्यायला टेकायचा. आता मुराद घरी असतो आणि नावेद आखातात जाणाऱ्या पोरांची विमानाची तिकिटं काढून देतो, उमराहवाल्यांची सोय बघतो. परत न होणारी वस्तू घ्यायची तर ओळखीच्या माणसाकडून, हा कान्हूचा नियम. या नियमापायी तो पेण सोडून रोह्यापर्यंत आला, आणि बघतो तर दुकानाचं शटर खाली.

शेजारचा पानवाला म्हणाला, "येईल. कुणाला तरी स्टेशनला सोडायला गेलाय."

कान्हू पायरीवर बसला. ऊन वर यायला लागलं. परत फिरावं, असं त्याला वाटायला लागलं. दुकान बंद होतं, मी काय करू, असं नमिताला सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. तो उठलाच होता, तेवढ्यात मोटारसायकलवरून नावेद उतरला आणि "काका! तुम्ही? पौर्णिमेचे?" असं म्हणत त्यानं शटर वर केलं. मुरादच्या पोरालाही तिथी ठाऊक होत्या.

नावेदनं खुर्ची दिली, पंखा लावला, कार्डं घेतली, संगणकावर ते पान काढलं. कान्हूचं एक लक्ष पडद्यावर आणि एक बाहेरच्या सावल्यांवर. नेट हळू चाललं होतं. पानावरचे महाल तुकड्यातुकड्यानं दिसायला लागले.

"काका, एक विचारू?" नावेद म्हणाला. "काकूंचे गुडघे कसे हायत?"

"दुखतात."

"मग हा गड त्या चढनार नाय. म्हंजे हा गेला. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात जाईल. दुसऱ्या दिवशी लेक घरी बसवून खाऊ घालील. राहिला एक दिवस. त्यात दोन जागा बघून होतील, फार तर. काका, मी हे विकतो, तरी सांगतो, तुम्हाला हा पास परवडनार नाय. तिथं जाऊन सुटी तिकिटं काढा आनि मजेत बघा. पास जवान मानसांचा. सकाळी निघायचं नि अंधार पडेपर्यंत पळायचं."

इतका सरळ दुकानदार जगात एखादाच असेल, आणि तो कान्हूच्याच वाट्याला त्या दिवशी यायचा होता. कान्हूची छाती एकदम हलकी झाली. विकणाराच नको म्हणतो! आता कुणी काय बोलेल? नमिताला सांगायचं, नावेदनंच नको सांगितला, पास आपल्या कामाचा नाय, आपन सुटी तिकिटं काढू. आणि सुटी तिकिटं तिथं गेल्यावर काढायची, म्हणजे आज काहीच करायचं नाही. म्हणजे पुढच्या आठवड्यात काही निघालं, ढग आले, वारा फिरला, तर...

तो तिथंच थांबला. आपल्याला किती आनंद झाला आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्यालाच शरम वाटली. पोरीनं पास किल्ले बघायला मागितला नव्हता. परत होत नाही म्हणून मागितला होता. हे नावेदला कसं सांगणार? स्वतःच्या लेकीला बापाच्या शब्दाचा भरवसा नाही, हे परक्याच्या दुकानात बसून कुठल्या तोंडानं बोलायचं?

"काय करू काका?" नावेदनं विचारलं.

तेवढ्यात दुकानावरचा पत्रा वाजला. एकदा, मग लागोपाठ. शेजारच्या पानवाल्याच्या टपरीवरचं कापड फुगून वर गेलं. कान्हू दारात आला आणि त्यानं तोंड वर करून वास घेतला. वारा खाडीकडून येत होता. उधाणाचं पाणी आणि त्याला मागून रेटणारा वारा, यासारखी वाईट जोडी नाही. भात पिवळं पडून उभं होतं, कापणी तोंडाशी आली होती.

त्यानं धोंडुबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग हिरामणला. तोही उचलेना.

"मी जातंय," तो म्हणाला.

"काका, पास? आजच शेवटचा दिवस हाय..."

कान्हू रस्त्यावर पोचला होता. कार्डं टेबलावरच राहिली.

रोह्याहून निघालेली एस.टी. त्या दिवशी जशी चालली तशी पुन्हा कधी चालू नये. नागोठण्यापर्यंत प्रत्येक हाताला थांबली. पुढं हायवेला लागली तर तिथं नेहमीप्रमाणं रस्त्याचं काम, एका बाजूनं वाहनं सोडत होते. आमच्या त्या हायवेचं काम म्हणजे, पोरं जन्मली, शाळेत गेली, लग्नाला आली, काम चालूच. एरवी कान्हू यावर सगळ्या गाडीला हसवायचा. त्या दिवशी तो पुढच्या दांडीला धरून उभा राहिला, बसायला जागा असून उभा राहिला. फोन लावत होता, कुणी उचलत नव्हतं. दोघंही उचलत नाहीत याचा अर्थ दोघंही बांधावर, आणि दोघंही बांधावर याचा अर्थ खांड. खिडकीतून त्याला झाडं वाकलेली दिसत होती. डोळ्यांपुढं मात्र दुसरंच होतं. खारं पाणी भाताच्या लोंब्यांमधून पसरतंय, लोक बांधावर उभे राहून त्याचं नाव घेतायत. कान्हू कुठाय? रोह्याला. कशाला? पास काढायला. महाल बघायला!

त्याला नमिताचा राग आला. चांगला डोक्यात जाणारा राग आला. हिनंच हे केलं. हिला पौर्णिमेचा दिवसच सापडला होता का? आजपर्यंत एकदाही उधाणाला बांध सोडला नाही, आणि पहिल्यांदा सोडला तो हिच्या हट्टापायी. बांध गेला तर तो तिच्यामुळं गेला, असं आपण तिला सांगणार, असंही त्यानं ठरवलं. फोनवरच सांगणार. ते ठरवून झाल्यावर त्याला दुकानातल्यासारखंच थोडं बरं वाटलं. पण या वेळी शरम वाटायला त्याच्यापाशी सवड नव्हती.

वडखळला उतरून मिनिडोर मिळाली. गावाच्या फाट्यावर त्यानं ती थांबायच्या आधीच पाय खाली टाकला. घराचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. धोंडुबाईचा फोन चुलीशेजारी पडला होता. कान्हू तसाच शेतांमधून धावत सुटला. या वयात माणसानं असं धावू नये.

शेतं कोरडी होती. हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. भात जसं सकाळी उभं होतं तसंच उभं होतं, नुसतं वाऱ्यानं हलत होतं. बांधावर माणसं दिसली, दहा-बारा असतील. पण कुणी पळत नव्हतं. काही बसली होती. जवळ गेल्यावर दिसलं, ती चहा पीत होती.

"आलास?" हिरामण म्हणाला. तो कमरेपर्यंत चिखलानं माखला होता. "चा घे. जनूच्या घरनं आलाय."

"खांड?" कान्हूला धड बोलता येईना.

"खांड कसली? भोक पडलं होतं, उघाडीच्या अलीकडं. चिंबोरीचं बीळ. बुजवलं."

"कोनी बघितलं?"

"वहिनीनं."

धोंडुबाई बांधाच्या उतारावर बसून हातावरचा चिखल खरवडत होती. तिनं सांगितलं ते असं. ती फेरी मारायला आली, तर शेताच्या बाजूला गढूळ पाणी बुडबुडताना दिसलं. तिनं ओरडून माणसं गोळा केली. खाडीच्या बाजूनं पाण्यात उतरून पायानं चाचपत बिळाचं तोंड शोधलं, कारण ते पायालाच कळतं. मग पेंढ्याच्या मुटक्यांना चिखल थापून एकामागून एक आत कोंबले, वरून मेखा ठोकल्या, आणि सगळ्यांनी मिळून तुडवलं. पाणी अजून चढायचं होतं तेव्हाच काम उरकलं होतं. आता पाणी बांधाच्या डोक्याला लागून परत फिरलं होतं आणि दोन बोटं खालीही गेलं होतं.

"मला फोन का नाय केला?" कान्हूनं विचारलं.

"चिखलात फोन घेऊन उतरू काय?" धोंडुबाई म्हणाली.

"आनि तुला करून फायदा काय होता?" हिरामण म्हणाला. "तू रोह्याला. तिथनं काय फुंकर मारनार होतास?"

सगळे हसले. त्यात खोच नव्हती. कान्हूनंही हसल्यासारखं केलं आणि तो उघाडीच्या अलीकडं, बुजवलेल्या जागेशी गेला. तिथं त्यानं आधी टाच रोवून बघितली. मग उतारावरून खाली उतरून शेताच्या बाजूनं हात लावला, माती बोटांनी दाबली, मेखा धरून हलवल्या. त्याला तिथं ओल हवी होती. कुठंतरी एखादा पाझर, कुठंतरी कच्चं राहिलेलं, 'असं नसतं करायचं' म्हणून माणसांना दाखवता येईल असं काहीतरी. तो बराच वेळ शोधत होता. काम चोख झालं होतं. त्यानं स्वतः केलं असतं तरी याहून चांगलं झालं नसतं.

तो तिथंच खाली बसला. बांध राहिला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही. ज्या दिवशी आपण नव्हतो त्या दिवशी भोक पडलं, त्यात वारा होता, पौर्णिमा होती, आणि तरी बांध राहिला. बायकोनं बघितलं, शेजाऱ्यानं मेखा ठोकल्या, जनूच्या घरून चहा आला. मग पनवेलच्या त्या अमावास्येला काय झालं असतं? हिरामण होताच. जनू होता. जोळ होता. हेच झालं असतं.

बघितल्यावर आता ते न बघितल्यासारखं करता येत नव्हतं. नाही, करता येत होतं. अजूनही येत होतं. पास गेला, कार्डं रोह्यात राहिली, उधाणात भोक पडलं, ही सगळी कारणं हातात होती, आणि नमिताला सांगायला यापेक्षा धडधडीत कारण आजवर कधी मिळालं नव्हतं. यंदा बांध कच्चा हाय, पोरी, मला सोडता यायचा नाय. सगळ्या गावानं मान डोलावली असती. तो पुन्हा बांधाचा कान्हू झाला असता आणि पनवेलचा तो दिवस जिथं पुरला होता तिथंच राहिला असता. पण जयपूरला जाऊन आला आणि बांध जागच्या जागी राहिला, तर मग पुढं सगळ्या जन्माचं काय म्हणायचं? जाणं म्हणजे ते कबूल करणं. त्याला खरोखर भीती वाटली. भरतीची कधी एवढी वाटली नव्हती.

खिशात फोन वाजला. नावेद होता.

"काका, पोचलात? बांध?"

"हाय. हाय बांध."

"अल्लाचे उपकार. तुमची कार्डं इथं राहिलीत, मी कुणाबरोबर तरी पाठवतो. आनि पासाचं नको ना? मी ते पान बंद करतो."

धोंडुबाई चिखलानं भरलेल्या अनवाणी पायांनी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली होती. तिला फोनवरचं ऐकू येत होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, खाडीकडं बघत होती, आणि तिनं श्वास धरून ठेवला आहे हे कान्हूला कळलं. इतकी वर्षं तिनं असा किती वेळा धरला असेल, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"नावेद, परत होत नाय ना तो?"

"नाय काका. तेच तर सांगतोय. आनि अर्ध्या जागा तुमच्या बघून व्हायच्या नायत."

"नाय झाल्या तर नाय झाल्या. परत होत नाय, हे नक्की ना?"

"नक्की."

"मग काढ. दोन."

नावेद "बरं काका" म्हणाला. धोंडुबाईनं श्वास सोडला आणि ती घराकडं चालायला लागली.

माणसं एकेक करून पांगली. कान्हू बांधावरच होता. नावेदनं पास निघाल्याचा निरोप तिकडं नमितालाही धाडला असणार, कारण थोड्याच वेळात तिचा फोन आला. ती हसत होती, आणि हसता हसता तिचा आवाज भलतीकडंच जात होता.

"बाबा! घेतलात? खरंच तुम्ही घेतलात? पण आज तर पौर्णिमा. तुम्ही रोह्याला गेलात, मग बांधावर कोण होतं?"

इथं अजूनही जागा होती. सगळं ठीक हाय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पोर खूश होती, कशाला उगाच?

"भोक पडलं होतं," कान्हू म्हणाला. "उघाडीपाशी. तुझ्या आईनं बघितलं. तिनं आनि हिरामननं मिळून बुजवलं. मी नव्हतो."

पलीकडचं हसणं थांबलं.

"तुम्ही नव्हतात?"

"नाय. मी आलो तर सगळी चा पीत बसली होती."

नमिता अगदी हळू बोलली. "म्हणजे बाबा, तेव्हा..."

कान्हूनं पुढचं तिला बोलायला लावलं नाही.

"व्हय गो," तो म्हणाला. "तेव्हापन ऱ्हायला असता. मी यायला पायजे होतं. तू त्याला संध्याकाळपर्यंत ठेवलंस, आनि मी आलो नाय."

नमिता रडायला लागली. चार वर्षांत ती बापासमोर रडली नव्हती. ती मोठ्यानं रडत होती, थांबत होती, पुन्हा रडत होती. कान्हूनं फोन कानाला धरून ठेवला, ती थांबेपर्यंत.